सॅम्पल घेणारा मुलगा मस्त, ॲपने मात्र रात्रभर झोप उडवली (३ स्टार)

अक्कलदाढेची हिरडी सुजून गाल टम्म फुगलेला तेव्हा दुसऱ्या एका लॅबमध्ये सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते सांगणारी रक्ताची टेस्ट) केलेलं, ४.८ आलं होतं. दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि आठवड्याभराने रिपीट टेस्ट या घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडे दिली. मुलगा दिलेल्या वेळेला हजर, सुई समोर फोडली, पहिल्याच टोचण्यात शीर सापडली (माझी शीर भल्याभल्यांना सापडत नाही) आणि रिपोर्ट त्याच संध्याकाळी. इथपर्यंत पाच स्टार.

मग ॲप उघडलं. सीआरपी ९, लालभडक, बाजूला वर जाणारा बाण, आणि जुना रिपोर्ट मीच हौसेने अपलोड केलेला म्हणून वर ग्राफसुद्धा, ४.८ वरून थेट ९. खाली फक्त 'हाय'. एवढी औषधं घेऊन दुप्पट?? रात्री नेटवर नको नको ते वाचत बसले.

सकाळी डॉक्टर रिपोर्ट बघून हसलेच. म्हणाले, अहो युनिट बघा की. जुना आकडा मिग्रॅ पर डेसिलिटर आणि हा मिग्रॅ पर लिटर, एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे जुनं ४८ धरायचं. ४८ चं ९ झालंय, उतरलंय! ॲपने युनिट न बघता नुसते आकडे जोडून रेघ मारलेली.

सीआरपी हे प्रोटीन लिव्हर बनवतं, शरीरात कुठे इन्फेक्शन, सूज, जखम झाली की काही तासांत चढायला लागतं, साधारण दोन दिवसांत टोकाला जातं आणि कारण गेलं की साधारण दर १९ तासांनी निम्म्यावर येतं. पण सूज दाढेत आहे की गुडघ्यात हे त्याला विचारून उपयोग नाही, ते डॉक्टरांनीच तपासायचं. ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची दुसरी टेस्ट) पण लाल होता, ४२. तो मुळातच सुस्त, चढतोही हळू आणि खाली यायला आठवडे लावतो, शिवाय ॲनिमिया असला किंवा वय वाढलं तरी जास्त येतो, त्यामुळे त्यावरून लगेच घाबरायचं नाही म्हणाले.

सगळ्यात राग आला तो खालच्या जाहिरातीचा. 'तुमचं सीआरपी जास्त आहे, हार्टसाठी हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी करा'. अरे तेच प्रोटीन आहे ना ते, फक्त कमी लेव्हलला बारकाईने मोजतात, १ च्या खाली रिस्क कमी, ३ च्या वर जास्त असं. दाढेची जखम भरतेय तोवर त्या आकड्यावरून हार्टचं काय कळणार?

कस्टमर केअरला फोन केला तर, "मॅडम, व्हॅल्यू बरोबरच आहे." अहो व्हॅल्यू बरोबरच आहे हो, बाण चुकलाय! तो काही शेवटपर्यंत बदलला नाही. पुढची टेस्ट तरी यांच्याकडेच देईन, तोच मुलगा येणार असेल तर, पण पीडीएफ डाउनलोड करून थेट डॉक्टरांना पाठवणार, ग्राफ उघडायचाच नाही.