कोयता, खुकरी की मॅशेटी? बागेत वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मोठं पातं घ्यायचं म्हटलं की लोक आधी लांबी विचारतात आणि मग जाडी, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनाही ते बरोबर माहितीये, म्हणून फोटोखाली तेच दोन आकडे मोठ्या अक्षरात असतात. माझं मत असं की या दोन आकड्यांवरून चिवटपणा अजिबात कळत नाही. तो कळतो पोलाद कुठलं आहे, त्याला पाणी कसं दिलंय (म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक कसं केलंय) आणि पातं मुठीत जिथे शिरतं तिथली मान कशी आहे यावरून. ही तीन कामं नीट झालेली असतील तर फूटभर पातं वर्षानुवर्षं चालतं, नसतील तर दीड फुटी पातं सुद्धा एका सुक्या फांदीवर जातं.

आमची बाग कुडाळ तालुक्यात आहे, नारळ, काजू, थोडा आंबा आणि वईच्या म्हणजे कुंपणाच्या कडेने माणगा बांबू. कामं नेहमीचीच, पावसाळ्यानंतर रान मारायचं (वाढलेलं गवत-झुडपं साफ करायची), झावळं तोडायची, काजूच्या मेलेल्या फांद्या उतरवायच्या, बांबू काढायचा, चुलीसाठी लाकूड बारीक करायचं. या कामाला मी लोहाराकडून करून घेतलेला कोयता, नेपाळी खुकरी, १८ इंची मॅशेटी (लांब, पातळ, हलकं पातं), ऑनलाइन मागवलेलं एक स्टेनलेसचं पातं आणि घाटावरनं आणलेला ऊसतोडीचा कोयता असं सगळं वापरलंय, आणि एकच हत्यार सगळ्याला पुरेल असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, पण एकच घ्यायचं असेल तर कुठलं घ्यावं याबद्दल मत पक्कं आहे.

आधी कोयत्याबद्दल, कारण सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच आहे. पातं साधारण १२ इंच, पाठीकडे ६ एमएम जाड आणि धारेकडे उतरत गेलेलं, टोकाला आत वळलेली चोच, वजन मुठीसकट ८०० ग्रॅमच्या आसपास. हा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून केलाय. पाटा म्हणजे गाडीची कमान, त्याचं पोलाद मुळात लाखो वेळा वाकून परत सरळ व्हायला बनवलेलं असतं, कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मधे आणि सोबत सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. म्हणून ते कडक पण होतं आणि चिवट पण राहतं. बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जे स्वस्त कोयते टांगलेले असतात त्यातले बरेचसे साध्या लोखंडी पट्टीचे असतात, त्यात कार्बन इतका कमी की कितीही तापवून पाण्यात बुडवा, कडकपणा येतच नाही, धार दोन दिवसांत मुडते आणि मग लोक म्हणतात कोयता खराब. कोयता खराब नसतो हो, पट्टी चुकीची असते.

लोहारकाकांना मी विचारलं, पाट्याचाच करताय ना, तर ते म्हणाले, "पाटोच असा, पट्टी न्हय. पण पाट्यापेक्षा पाणी महत्त्वाचा. पाणी जास्त झाला तर धार उडता, कमी झाला तर मुडता." आणि मग मी तिथेच बसून बघितलं. घडवून झालं की पातं भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं (या तापमानाला पोलादाला चुंबक चिकटत नाही, साधारण ७७० अंशाच्या वर) आणि पूर्ण न बुडवता फक्त धारेकडचा पाऊण इंच पाण्यात धरला. पाठ लालच राहिली. लगेच बाहेर काढून धारेजवळ दगडाने घासून एक पट्टा पांढरा केला आणि त्याच्याकडे एकटक बघत बसले. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकायला लागते आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चढतो, आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. तपकिरीवरून जांभळ्यावर यायला लागलं त्या क्षणी परत पाण्यात. हे सगळं काही सेकंदांचं काम आहे, पण कोयत्याचं आयुष्य त्यात ठरतं. पिवळ्यावर थांबवलं तर धार जास्त कडक राहते आणि गाठीवर तुकडा उडतो, निळ्यावर गेलं तर मऊ पडते. म्हणजे धार कडक आणि पाठ चिवट, एकाच पात्यात दोन स्वभाव, आणि हे थर्मामीटर न लावता नुसत्या नजरेने. या कामाला ७००-८०० रुपये घेतात आणि लोक त्यातही घासाघीस करतात, हे मला खरंच पटत नाही.

वापरात कसा आहे? माणग्याचा काठीएवढा बांबू तिरक्या दोन घावात पडतो. माणगा जवळजवळ भरीव असतो, पोकळ बांबूसारखा फुटत नाही, त्यामुळे वजन पुढे असलेलं पातं लागतंच. बांबूत आणि गवतात सिलिका असते, ती धार खाते, तरी दिवसभराच्या बांबूनंतर या कोयत्याला कानशीचे चार हात मारले की परत तयार. खैराच्या गाठीवर मुद्दाम मारून बघितला, धारेला बारीक मुडप आली पण तुकडा उडाला नाही, आणि मोठ्या पात्यात मला हेच पाहिजे, कारण मुडलेली धार कानशीने निघते, उडालेली भरून येत नाही. चोचीचा उपयोग शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. तोडलेली काटेरी फांदी हात न लावता ओढून घ्यायची, जमिनीलगत तोडताना धार दगडावर न आपटता चोचच आधी टेकते, आणि आतल्या बाकामुळे फांदी निसटून जात नाही. परत कमरेला आकडीत अडकवून झाडावर चढता येतं, दोन्ही हात मोकळे. कमी एवढीच की आतल्या बाकाला सपाट दगडावर धार लावता येत नाही, अर्धगोल कानस नाहीतर दगडाची कड वापरावी लागते. आणि पोलाद गंजतं. कोकणातल्या पावसाळ्यात खोबरेल नाहीतर जुनं इंजिन ऑईल फासून ठेवलंच पाहिजे.

आता खुकरी. नेपाळमधल्या भोजपूर, धरान भागातली खुकरी नावाजलेली आहे आणि ती सुद्धा बहुतेक गाडीच्या पाट्याचीच असते. माझ्याकडच्या खुकरीचं पातं १० इंचाच्या आसपास आहे, पण पाठ मुठीजवळ जवळजवळ ९ एमएम जाड, पुढे पोट रुंद, त्यामुळे कोयत्यापेक्षा लहान असून घाव जबरदस्त बसतो. तिथले कामी म्हणजे लोहार पातं पाण्यात बुडवतच नाहीत, किटलीच्या तोटीतून बारीक धारेने फक्त कडेवर पाणी ओततात. तत्त्व आपल्या लोहाराचंच, कड कडक आणि पाठ चिवट, हे बघून मला फार आनंद झाला. लाकूड फोडायला, जाड फांदीचे तुकडे करायला, शहाळं तासायला खुकरीला तोड नाही. म्यानात दोन छोट्या सुऱ्या पण येतात, एक कर्द बारीक कामाला आणि एक बोथट चकमक धार सरळ करायला. पण रान मारायला खुकरी नको, पोहोच कमी पडते, सतत वाकावं लागतं आणि अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. घेताना शोपीसवाली घेऊ नका. पर्यटनाच्या ठिकाणी चकचकीत, नक्षीवाल्या खुकऱ्या मिळतात त्यातल्या कितीतरी फक्त भिंतीवर टांगायच्या लायकीच्या असतात.

मॅशेटीचं उलट आहे. दक्षिण अमेरिकेत ऊस, केळी, जंगलातलं रान यासाठी ती वापरतात, ब्राझीलची ट्रामोंटिना कंपनी १९११ पासूनची आणि तिच्या मॅशेटी जगभर जातात. १८ इंच लांब पण जाडी २ एमएमच्या आसपासच, वजन अर्धा किलोच्या आत. लोक ही बारीक जाडी बघून नाक मुरडतात, पण गवत, रानमोडी, घाणेरी असली हिरवी झुडपं वजनाने तुटत नाहीत, वेगाने तुटतात, आणि हलकं लांब पातं जितकं वेगात फिरतं तितकं जाड फिरत नाही. वेग दुप्पट केला तर घावातली ताकद चौपट होते, वजन दुप्पट केलं तर फक्त दुप्पट. म्हणून रान मारायच्या कामात माझी मॅशेटी कोयत्यालाही मागे टाकते, हे मान्य करायलाच पाहिजे. सुक्या काजूवर, खैरावर ती मारू नये, त्यासाठी ती बनवलेलीच नाही. पातं लवचिक आहे, वाकून परत सरळ होतं, तोच तिचा चिवटपणा.

ऊसतोडीच्या कोयत्याबद्दल थोडक्यात. हलका, पातळ, बाकदार, ऊस बुडख्यातून एका झटक्यात तोडायला आणि वाढं (उसाचा हिरवा शेंडा) छाटायला बनवलेला. दिवसभर हातात धरायचा म्हणून वजन मुद्दाम कमी. कडबा, केळीचे घड, हिरवा चारा, सगळ्याला उत्तम. लाकडाला नाही.

आणि आता ते ऑनलाइनचं स्टेनलेसचं पातं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण असलं पातं पन्नास वेगवेगळ्या नावांनी विकलं जातंय. काळा रंग, पाठीवर करवतीसारखे दात, रबरी मूठ, "हेवी ड्यूटी" असं पात्यावरच छापलेलं, जाडी ४ एमएम, दिसायला इतकं दणकट की शेजारच्याने पण लिंक मागितली. सुक्या बांबूच्या बेटातलं मेलेलं खोड तोडताना मुठीच्या तोंडाशी तुटलं आणि पातं तीन-चार हात लांब जाऊन पडलं, नशीब की त्या बाजूला कोणी नव्हतं. रबर कापून बघितलं तर दोन इंच रुंद पातं आत शिरताना एकदम बोटाएवढं अरुंद झालेलं आणि तो कोपरा अगदी काटकोनात कापलेला. सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो, तडा तिथूनच सुरू होतो. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखा जाड दाणा चकाकत होता, म्हणजे पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवलेलं. नीट पाणी दिलेल्या पोलादाचं तोंड करडं आणि बारीक दाण्याचं दिसतं. पाठीवरचे करवतीचे दात पण तसेच, त्याने लाकूड कापलं जात नाही, उलट प्रत्येक खाच म्हणजे तडा जायला एक आयती जागा. मोठ्या पात्याला असले दात दिसले तर पुढे जा, बघू पण नका.

भाच्याने अमेरिकेतून बेकर बीके-९ नावाचा मोठा सुरा आणलाय तो पण हाताळला. ९ इंची पातं, जाडी साधारण ५ एमएम, १०९५ जातीचं कार्बन पोलाद, आणि पातं मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं, त्यामुळे मानेची काळजीच नाही. चोख बनवलाय. कॅम्पिंगला, बारीक लाकूड फोडायला छान, पण बागेच्या कामाला पातं आखूड वाटतं, आणि तिकडच्या किमतीत इकडे अख्ख्या वाडीला कोयते होतील.

घेताना काय बघायचं ते सांगतो. मान बघा, पातं निमुळतं होत मुठीत जातंय ना, काटकोन नको. शेपटी (पात्याचा मुठीत जाणारा भाग) मुठीच्या आरपार जाऊन मागे वाकवलेली असेल तर सगळ्यात उत्तम, मूठ कितीही सैल झाली तरी पातं सुटत नाही. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं पाहिजेच, नाहीतर लाकूड चिरतं. जुन्या पाट्यात आधीचा बारीक तडा असू शकतो, म्हणून पातं दोऱ्याला टांगून हातोडीने हलकं वाजवून बघा, खणखणीत लांब आवाज आला तर घ्या, भद्द आवाज आला तर दुसरं मागा. आणि कानस फिरवून बघा, धारेवर जोर लावून चालली पाहिजे आणि पाठीवर सहज. दोन्हीकडे सारखीच सहज चालली तर पाणी दिलेलंच नाही.

कायद्याचं पण बघा. शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण शेतीचं अवजार शेतात शोभतं. पुण्याहून नेताना पोत्यात गुंडाळून डिकीत तळाला ठेवा, आणि हातात धरून स्टेटसला फोटो टाकायचे प्रकार मुलांना करू देऊ नका, त्यावर गुन्हे दाखल झालेत आणि त्यामुळे खऱ्या शेतकऱ्याला पण दुकानात आधार कार्ड दाखवायची वेळ आलीये.

एकच घ्यायचं तर पाट्याचा कोयता, दोन घ्यायची ऐपत असेल तर सोबत मॅशेटी. खुकरी हौसेने घ्या, पस्तावणार नाही. आणि लोहाराकडे एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळं गाव नांगराचे फाळ आणि कोयते पाजवायला तिथे बसलेलं असतं आणि काकांना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी झाली की जा, पाटा स्वतःच्या डोळ्यांनी बघून निवडा, आपल्या हाताच्या मापाची मूठ करून घ्या, आणि सांगतील ते पैसे द्या.