किन्नौर की स्पिती?

हिमाचलमध्ये शिमल्याहून सतलजच्या काठाने वर जात राहिलं की किन्नौरचं मुख्य ठिकाण रेकाँग पिओ मागे पडतं आणि मग खाबचा पूल येतो. तिबेटातून आलेली सतलज आणि स्पिती नदी इथे एकमेकींना भेटतात. पुलानंतर रस्ता सतलजची संगत सोडून स्पितीच्या काठाने वर वळतो. किन्नौर जिल्ह्याची सरकारी हद्द आणखी पुढे, सुमदोला संपते. डोळ्यांना मात्र ती आधीच संपल्यासारखी वाटते, कारण या टापूत झाडंच संपलेली असतात. देवदार नाहीत, खायच्या बिया देणारी चिलगोझ्याची झाडं नाहीत, उरतात ते नुसते करडे-तपकिरी डोंगर.

आमच्या ओळखीत दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, ‘आठ दिवस आहेत, किन्नौर करू की स्पिती?’ माझं उत्तर याच झाडांपासून सुरू होतं. किन्नौर लाकडाचा मुलूख आहे आणि स्पिती मातीचा. घरं, देवळं, मठ, जेवण, थंडी, सगळं त्याप्रमाणे बदलतं.

देव आणि गोंपा

किन्नौरमध्ये बघायचं ते देऊळ आणि त्याभोवतीचं गाव. देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून भिंती उभारतात, त्याला काठकुणी म्हणतात. चुना-सिमेंट काही नाही, आणि भूकंपात ही बांधणी हलते पण सहसा कोसळत नाही. सराहनचं भीमाकाली मंदिर याचा सगळ्यात देखणा नमुना. ते किन्नौरच्या उंबरठ्यावर, शिमला जिल्ह्यात आहे. आत जाताना डोकं झाकावं लागतं आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. सांगल्याजवळच्या कामरूच्या किल्ल्यात कामाख्या देवी आहे. तिथे दारातच किन्नौरी टोपी डोक्यावर चढते आणि कमरेला पट्टा बांधला जातो, मगच आत पाऊल टाकायचं.

कोकणातल्या माणसाला हे सगळं पटकन उमगेल. इथेही गावाचा देव पालखीत बसतो, पालखीवर धातूचे मुखवटे असतात, आणि खांदेकऱ्यांच्या खांद्यावर पालखी हलली-झुकली की देव बोलला असं मानतात. गावातले महत्त्वाचे निर्णय देवाला विचारून होतात. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या आणि देवाला कौल लावणाऱ्या माणसाला यात परकं काय वाटणार? पण इथला देव गावकऱ्यांचा, आपण पाहुणे. कित्येक देवळांत बाहेरच्यांना गाभाऱ्यात प्रवेश नसतो, काही ठिकाणी लाकडी कोरीवकामाला हात लावलेलाही चालत नाही. आधी विचारायचं, मग पुढे जायचं. कुणी ‘नाही’ म्हटलं तर वाद घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि त्यातले काही मराठीत वाद घालत होते.

बौद्ध धर्म किन्नौरमध्येही आहे, पण देवळाला खेटून. कल्पा गावात नारायण-नागिणीचं मंदिर आणि गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि गावकऱ्यांना दोन्ही आपलेच वाटतात. वर नाको गावात तळ्याकाठी अकराव्या शतकाच्या सुमाराचे मठ आहेत, पण तोवर आपण जवळजवळ स्पितीतच पोचलेले असतो.

स्पितीत चित्र उलटं. इथे मठ हेच मध्य, गाव त्याच्या आधाराने वसलेलं. गोंपात कुणीही जाऊ शकतं. बूट बाहेर काढायचे आणि प्रदक्षिणा डावीकडून घालायची, एवढाच दंडक. ‘की’ नावाच्या गोंपात तर लामा पाहुण्यांना हातात गरम चहाचा पेलाही देतात.

ताबोसाठी वेगळा परिच्छेद हवाच

स्पितीचं पारडं माझ्यासाठी ज्या एका जागेमुळे जड होतं ती ताबो. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा मठ. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे ओ आणि भाषांतरकार रिंचेन झांगपो यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. लोक त्याला ‘हिमालयातला अजिंठा’ म्हणतात, आणि अजिंठा पाहिलेला मराठी माणूस गाडीतून उतरताच हिरमुसतो. कारण समोर काय दिसतं? सपाट जागेवर मातीची बसकी घरं, वर मातीचंच छप्पर.

मग दार उघडतं. आत काळोख. डोळे सरावायला वेळ लागतो, विजेरी जवळ असावी. हळूहळू भिंतींतून मातीच्या मूर्ती बाहेर येताना दिसतात, माणसाएवढ्या, रांगेने बसलेल्या. त्यांच्या खालच्या भिंतींवर रंग. काश्मिरी चित्रकारांच्या हातची वळणं त्यात ओळखू येतात. कॅमेऱ्याला मनाई आहे आणि ते बरंच आहे, कारण त्यामुळे माणसं बघतात.

अजिंठ्याशी तुलना करायचीच तर ती रंगांपुरती नको. अजिंठा कातळात कोरला आणि नंतर शतकानुशतकं रानात विस्मरणात पडून राहिला. ताबो साध्या मातीचा, पण तिथली पूजा आजही चालू आहे. १९९६ मध्ये हजार वर्षं पूर्ण झाली तेव्हा दलाई लामांनी इथेच कालचक्र दीक्षा दिली. १९७५ च्या भूकंपाने या मुलखातल्या अनेक वास्तूंना धक्का दिला, तरी जुन्या दालनातल्या मूर्ती जागेवर आहेत. पर्जन्यछायेतला कोरडा प्रदेश म्हणून ही माती टिकली. पाऊस वाढला तर छपराचं कठीण आहे.

धनकरचा जुना गोंपा पिन आणि स्पितीच्या संगमावर कड्याच्या टोकाला आहे. २००६ मध्ये तो जगातल्या शंभर धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होता, आणि उभं राहिलं की कारण आपोआप कळतं. की गोंपा बाहेरून जास्त भव्य, आतून कमी. लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं एकाच दिवसात उरकतात. हिक्किमच्या उंच टपाल कार्यालयातून घरी पोस्टकार्ड टाकण्याची हौस सगळ्यांनाच असते, त्यामुळे तिथे गावापेक्षा रांगच जास्त दिसते. लांगझ्यात पोरं मातीतून निघालेले जीवाश्म विकायला आणतात. ते विकत घेऊ नका.

उंचीचा हिशेब आधी

कळसूबाई १,६४६ मीटर. कल्पा साधारण २,९६० मीटरवर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन कळसूबाई. सांगला खोऱ्यातल्या बास्पा नदीच्या काठचं शेवटचं गाव चितकुल ३,४५० च्या आसपास. कोमिक ४,५८७. किन्नौरमध्ये धाप लागते, पण रात्री झोप लागते. स्पितीत पहिल्या दोन रात्री ती लागेलच असं नाही.

हे मी माझ्या डोकेदुखीच्या अनुभवावरून सांगतो. पहिल्या वेळी आम्ही मनालीहून एकाच दिवसात कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला पोचलो. ज्यांनी हा कार्यक्रम आखून दिला त्यांनी उंचीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पुढचे दोन दिवस की गोंपा मी पायरीवर बसून पाहिला, कारण वर चढायची ताकदच नव्हती. दुसऱ्या वेळी शिमल्याकडून गेलो, सराहन, सांगला, कल्पा, नाको असं दर दिवशी थोडं वर चढत. काझात पोचलो तेव्हा डोकं जागेवर होतं.

म्हणून बरोबर साठीपुढचे आईबाबा असतील, कुणाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर प्रश्नच नको, किन्नौर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काझाच्या वर नेऊ नका. लहान मुलांच्या बाबतीतही मी हेच म्हणेन.

सुट्टी कोणत्या महिन्यात आहे?

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. मेमध्ये किन्नौर उत्तम. स्पितीतही शिमल्याकडून जाता येतं, पण कुंझुम बहुधा बर्फाखाली असते, तेव्हा चंद्रताल तलाव आणि मनालीमार्गे परत येण्याचा बेत मनातून काढा. दिवाळी उशिरा असेल तर स्पितीत नळ गोठायला लागतात आणि घरगुती मुक्कामाची बरीच ठिकाणं बंद होतात. तेव्हा पुन्हा किन्नौर, तेही कल्प्यापर्यंतच.

जुलै-ऑगस्टमध्ये कुणालाच जा म्हणणार नाही. स्पितीत पाऊस कमी असतो हे खरं, पण तिथे जाणारा रस्ता किन्नौरमधून जातो. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरड कोसळून नऊ पर्यटक गेले, आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरीला बस-गाड्यांवर डोंगर खाली आला, तेव्हा अठ्ठावीस जण.

रजा मिळत असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायची लगबग असते, चिलगोझे निघतात, काही गावांत फुलांचा फुलाईच उत्सव असतो. स्पितीत आकाश स्वच्छ असतं आणि जव कापून झालेलं असतं.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी माणसाची दोन्हीकडे सोय होते. किन्नौरमध्ये राजमा-भात, स्पितीत थुक्पा (नूडल्सचं सूप) आणि वरण-भात. चिवड्याचा डबा न्या, पण त्यावरच आठ दिवस काढू नका. स्पितीत रोख पैसे जवळ ठेवा आणि काझाच्या पंपावर गाडीची टाकी भरून घ्या. भारतीयांना कोणत्याही परवान्याची गरज नाही, फक्त ओळखपत्र हवं.

मग कुठे?

चंडीगढला उतरल्यापासून सात-आठ दिवस असतील तर फक्त किन्नौर. नारकंड्याला एक रात्र, सराहनला एक, सांगला खोऱ्यात दोन, कल्प्यात दोन, आणि मग परत. कल्प्यात पहाटे किन्नर कैलासवर ऊन पडताना बघायला उठा, मात्र मुक्काम मुख्य रस्त्यावरच्या काँक्रीटच्या हॉटेलात न करता खाली जुन्या गावाजवळ करा.

अकरा-बारा दिवस असतील तर स्पिती, पण किन्नौरमधूनच. नाकोला एक रात्र, ताबोला एक, काझात तीन, आणि त्याच रस्त्याने खाली. काझाला जाणारी हिमाचल परिवहनची बस रेकाँग पिओहून सकाळी लवकर सुटते आणि पूर्ण दिवस घेते. पाठीला त्रास नसेल तर तिच्यात बसा, कारण ती गावागावात थांबते.

आठ दिवसांत दोन्ही करून देतो म्हणणारे बरेच भेटतील. त्यात ताबोला पाऊण तास मिळतो आणि कामरूला गाडीतूनच नमस्कार होतो. आणि काहीही ठरवा, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडा. नाकोजवळच्या मलिंग नाल्यात दरड आली की गाड्यांची रांग दुसऱ्या दिवशीपर्यंतही तशीच उभी असू शकते.