पेंटसाठी कॅल्साइट-टाल्कच्या पार्ट्या : आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले, माल पुरवणाऱ्या तीन पार्ट्या करून झाल्या, म्हणून आता लिहितोय. आमचं लोट्याला छोटं युनिट आहे, डिस्टेंपर, थोडं स्वस्तातलं एक्स्टिरियर इमल्शन आणि सिमेंटवाली पुटी. सिलिका सँड आपल्या सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडे निघते पण पांढरी पावडर, म्हणजे रंगात-पुटीत भर म्हणून घालायची कॅल्साइट आणि टाल्क या दगडांची पूड म्हटली की शेवटी उदयपूर-राजसमंदलाच फोन लावायचा.

पहिली पार्टी नेटवर सापडली. किलोभर सॅम्पल आलं, दुधासारखं पांढरं, रेटही कमी, मग काय, दहा टन कॅल्साइट मागवलं. घाट ओलांडून गाडी आली, माल उतरला, आणि पहिल्या बॅचला पावडर पाण्यावर नुसती तरंगत बसली. मिक्सर अर्धा दिवस फिरवला तरी भिजेचना! नंतर कळलं, स्टिअरिक ॲसिडचं कोटिंग असलेला माल, पीव्हीसी पाइपवाल्यांना लागतो तो. पार्टीचं एकच, "साहेब, माल सेम है". चूक माझीही होती, ऑर्डरमध्ये अनकोटेड लिहिलंच नव्हतं. परत पाठवायचं भाडं ऐकून गप्प बसलो, घाट्यात एका पाइपवाल्याला दिला. आता कॅल्साइटच्या प्रत्येक लॉटमधली चमचाभर पावडर ग्लासभर पाण्यात टाकून बघतो, बुडली तरच गाडी खाली.

दुसरी पार्टी बोलायला गोड, पण सॅम्पल वेगळं आणि गोणी वेगळी. ठरलं होतं 10 मायक्रॉन, हेगमन गेजवर (दाण्याची जाडी बघायची खाचेची पट्टी) ओढलं तर 40 मायक्रॉनच्या आसपास दाणे, म्हणजे सरळ 325 मेशचा जाडा माल. रंगाचंही तेच. कोरडी असताना सगळी पावडर पांढरीच दिसते हो, काचेवर जुना आणि नवा लॉट शेजारी शेजारी भिजवा, मग पिवळेपणा दिसतो. टाल्कवर पातळ ॲसिडचा थेंब टाका, थोडे बुडबुडे चालतात, पण सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला तर टाल्कच्या भावात कॅल्साइट घेतलंत समजा.

तिसरा मुंबईकडचा ट्रेडर, चार महिने त्याच्याकडूनच घेतोय. किलोमागे दोन रुपये महाग पडतो, बायको अजून हिशेब विचारते, पण गोणीवर लॉट नंबर असतो आणि वीस गोण्या मागितल्या तरी देतो. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण गणपतीच्या आधी सगळ्या कोकणाला घर रंगवायचं असतं आणि नेमकं तेव्हाच गोदामात ओल मुरलेली असते, जास्त साठा करता येत नाही. इमल्शनला ओल चालून जाते, वजनात मार बसतो तेवढाच, पुटीच्या मात्र गाठी होतात, मिस्त्री लगेच पिशवी परत आणतो. गोण्या फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आतून लायनर नसेल तर पावसाळ्यात घेऊच नका.

कॅल्साइटचं एकदाचं मिटलं. चांगल्या टाल्कची पार्टी अजून शोधतोय, कुणाला माहीत असेल तर सांगा, नुसती गोड बोलणारी नको.