आई-बाबांना कुठे न्यायचं: ब्लॅक क्रीक की अप्पर कॅनडा व्हिलेज?

उन्हाळ्यात आई-बाबा टोरांटोला आले की नायगारा आणि थाउजंड आयलंड्स होतंच. मग कुणीतरी ‘जुनं गाव’ सुचवतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या वेशातली माणसं तिथे लोहारकाम, विणकाम, स्वयंपाक करून दाखवतात, विचारलं तर नीट सांगतातही. ऑन्टारिओ प्रांतात त्यासाठी ही दोन नावं नेहमी निघतात, दोन्हीकडे काळ साधारण १८६० च्या दशकातला.

ब्लॅक क्रीक (मूळ नाव ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेज) १९६० साली सुरू झालं. ते शहरातच आहे, यॉर्क विद्यापीठाजवळ. सबवे स्टेशनचं नावच पायोनियर व्हिलेज. इथे वेळ द्यावा तो स्टाँग कुटुंबाच्या शेताला. पेन्सिल्व्हेनियातून आलेल्या डॅनिएल स्टाँगने १८१६ मध्ये ओंडक्यांचं घर बांधलं आणि १८३२ मध्ये त्याहून मोठं. दोन्ही घरं मूळ जागेवरच उभी आहेत. जंगल तोडून बस्तान बसवणं म्हणजे काय, ते ही दोन घरं लागोपाठ पाहिली की कळतं. बाकीच्या बऱ्याच इमारती इतर गावांतून हलवून आणल्या आहेत, १८४२ ची रॉब्लिन पाणचक्कीसुद्धा.

अप्पर कॅनडा व्हिलेज मॉरिसबर्गला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. नदीतला जलमार्ग आणि वीजप्रकल्प यांसाठी १९५८ मध्ये काठावरची गावं बुडाली, सुमारे साडेसहा हजार माणसांना उठावं लागलं. तिथल्या वाचवलेल्या काही इमारती घेऊन १९६१ मध्ये हे गाव खुलं झालं. कोयना-उजनीचे धरणग्रस्त माहीत असलेल्या बाबांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

माझं मत याच गावाला, कारण इथे कामं पूर्ण आकारात दिसतात. एरवी अशा ठिकाणी कोपऱ्यात एक चरखा फिरतो आणि संपलं. इथे लोकरीची आख्खी गिरणी आहे, पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी आहे, वाफेची पीठगिरणीही आहे. बेकरीतला पाव विकत मिळतो, तो घ्याच.

अडचण अंतराची. टोरांटोहून गाडीने चार तास, म्हणजे एका दिवसात जाऊन येणं आई-बाबांना झेपणार नाही. किंग्स्टन किंवा कॉर्नवॉलला मुक्काम करणार असाल तरच जा. ऑटवावाल्यांना तासाभराचं, त्यांनी फार विचार न करता इथेच यावं. गुडघे दुखत असतील, सोबत लहान मूल असेल किंवा हाती अर्धाच दिवस असेल, तर मुकाट ब्लॅक क्रीक. दोन्हीकडे हंगाम आणि सुट्टीचे वार आधी बघून घ्या, आणि शाकाहारी असाल तर डबा न्या.