विंडोज ११च्या फाइल एक्सप्लोररमधील ड्राइव्हची मांडणी: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

दिवाळी अंकांच्या हंगामात आमच्या अक्षरजुळणीच्या छोट्या कार्यालयातील प्रत्येक संगणकाला एकाच वेळी सहा-सात ड्राइव्ह जोडलेले असतात. संगणकातील दोन, जुन्या अंकांच्या संग्रहाची एक बाहेरची हार्ड डिस्क, बॅकअपची दुसरी, नेटवर्कवरचा सामाईक ड्राइव्ह, लेखकांनी दिलेला पेनड्राइव्ह आणि छायाचित्रकाराचे मेमरी कार्ड अशी ती गर्दी असते. दोन वर्षांपूर्वी याच गर्दीत दोन काळ्या, सारख्याच आकाराच्या हार्ड डिस्क पडद्यावरही ‘न्यू व्हॉल्यूम’ या एकाच नावाने दिसत होत्या आणि रात्री उशिरा बॅकअप उलट दिशेने घेतला गेल्यामुळे मुद्रितशोधनाच्या दोन दिवसांच्या दुरुस्त्या जुन्या पानांखाली गाडल्या गेल्या. ड्राइव्ह पडद्यावर कसा दिसतो, ही सजावटीची बाब नाही, हे मला त्या रात्री पुरते पटले. त्यानंतर चारही संगणकांवर ड्राइव्हची नावे, अक्षरे, आयकॉन आणि क्रम विचारपूर्वक ठरवले. त्या कामात विंडोज ११चा फाइल एक्सप्लोरर, म्हणजे ड्राइव्ह आणि फाइल दाखवणारा प्रोग्रॅम, कितपत साथ देतो, याचे हे परीक्षण आहे.

ड्राइव्ह दाखवणारे पान विंडोजमध्ये १९९५पासून आहे. विंडोज ९५मध्ये त्याचे नाव ‘माय कॉम्प्युटर’ होते, व्हिस्टात ते नुसते ‘कॉम्प्युटर’ झाले आणि २०१३च्या विंडोज ८.१पासून ते ‘धिस पीसी’ म्हणून ओळखले जाते. नावे बदलली तरी ड्राइव्हला इंग्रजी अक्षर देण्याची पद्धत त्याहूनही जुनी आहे. १९७०च्या दशकातील सीपी/एम प्रणालीतून ती एमएस-डॉसमध्ये आणि तिथून विंडोजमध्ये आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून हार्ड डिस्कची सुरुवात सीपासून झाली. फ्लॉपी वापरातून गेली, पण सी आपल्या जागीच राहिला.

विंडोज ११मधील धिस पीसीचे मूळ रूप मला आवडते. ‘टाइल्स’ मांडणीत प्रत्येक ड्राइव्हखाली निळी पट्टी असते आणि तिच्याखाली किती जागा शिल्लक आहे हे लिहिलेले असते. शिल्लक जागा दहा टक्क्यांहून कमी झाली की पट्टी लाल होते. व्हिस्टापासूनची ही सोय लांबूनही कळते, हा तिचा गुण. मात्र दहा टक्क्यांची ही रेषा सगळ्या आकारांच्या ड्राइव्हना सारखीच लावली जाते. १२८ जीबीच्या ड्राइव्हवर लाल रंग दिसतो तेव्हा खरोखरच बारा जीबीसुद्धा उरलेले नसतात. ४ टीबीच्या संग्रहाच्या डिस्कवर मात्र सुमारे ३७० जीबी मोकळे असतानाच तो दिसू लागतो, आणि ती जागा आमच्यासारख्यांना कितीतरी अंकांना पुरते. ही रेषा बदलण्याची सोय एक्सप्लोररच्या पर्यायांत नाही. नेमके आकडे हवे असतील तर मांडणी ‘डिटेल्स’ करावी आणि स्तंभांच्या शीर्षकावर माउसचे उजवे बटण दाबून ‘पर्सेंट फुल’ आणि ‘फाइल सिस्टिम’ (डिस्कवर फाइल साठवण्याची पद्धत) हे स्तंभ वाढवावेत. दुसरा स्तंभ फार कामाचा आहे. त्याचे कारण नावांशी निगडित आहे.

ड्राइव्हचे नाव बदलणे सोपे आहे: उजवे बटण, ‘रीनेम’, आणि नवे नाव. खरी अडचण मराठी वापरकर्त्याला नावाच्या लांबीपाशी येते. एनटीएफएस पद्धतीने तयार केलेल्या ड्राइव्हला ३२ वर्णांचे नाव देता येते, एक्सएफएटीला ११ वर्णांचे. पण इथे वर्ण म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. देवनागरीत मूळ व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी प्रत्येक चिन्ह स्वतंत्र मोजले जाते. ‘छायाचित्रे’ या चार अक्षरांच्या शब्दाला त्या हिशेबात दहा जागा लागतात, म्हणजे एक्सएफएटीच्या ड्राइव्हवर तो जेमतेम मावतो. ‘कौटुंबिक छायाचित्रे’ला १९ लागतात, म्हणून तिथे ते बसत नाही; एनटीएफएसवर मात्र आरामात बसते. जुन्या एफएटी ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर देवनागरी नाव देण्याचा विचारच सोडावा. तिथे ११ रोमन अक्षरांवर भागवावे लागते. म्हणून आम्ही कार्यालयातच राहणाऱ्या डिस्क एनटीएफएस ठेवल्या आणि त्यांना ‘दिवाळी अंक संग्रह’, ‘बॅकअप सोमवार’ अशी स्पष्ट मराठी नावे दिली. बाहेर फिरणाऱ्या पेनड्राइव्हना ‘हिशोब’, ‘मुद्रिते’ अशी आटोपशीर नावे दिली. देवनागरी नावे एक्सप्लोररमध्ये स्वच्छ दिसतात, जोडाक्षरे तुटत नाहीत, आणि ज्यांचा इंग्रजीशी संबंध बेताचा आहे अशा आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधक बाईंना आता कोणालाही न विचारता योग्य डिस्क उघडता येते. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे हेच सर्वात मोठे फळ आहे.

आता अक्षरांविषयी. विंडोज आधी नाव आणि त्यानंतर कंसात ड्राइव्हचे अक्षर दाखवते. नाव लांब असेल आणि डावीकडची नॅव्हिगेशन पट्टी अरुंद असेल, तर शेवटचा भाग टिंबांखाली जातो आणि नेमके अक्षरच दिसेनासे होते. फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’ भागात ‘शो ड्राइव्ह लेटर्स’ अशी एकच खूण आहे, म्हणजे अक्षर दाखवा किंवा लपवा, इतकेच ठरवता येते. अक्षर नावाच्या आधी आणण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदवहीत आहे. करंट यूजरच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन आणि एक्सप्लोरर अशा पायऱ्या उतरून ‘शोड्राइव्हलेटर्सफर्स्ट’ नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद करायची आणि तिला ४ ही किंमत द्यायची. ० दिल्यास अक्षर नावानंतर राहते, १ दिल्यास फक्त नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर आधी येते, २ दिल्यास अक्षरे दिसतच नाहीत. बदलानंतर एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावा लागतो. चार किमतींपैकी ४ हीच मला सर्वात उपयोगी वाटली, कारण अक्षरे एका रेषेत एकाखाली एक येतात आणि नजर खाली-वर सहज फिरते. इतकी साधी आणि निरुपद्रवी निवड सामान्य वापरकर्त्याला रजिस्ट्रीत उतरल्याशिवाय मिळू नये, ही या उत्पादनातील माझ्या मते सर्वात मोठी उणीव आहे. रजिस्ट्रीत हात घालण्यापूर्वी त्या शाखेची प्रत ‘एक्सपोर्ट’ करून ठेवावी, हे मी इथे आग्रहाने सांगतो.

अक्षर दिसणे एक आणि टिकणे दुसरे. एखाद्या डिस्कला दिलेले अक्षर विंडोज त्या संगणकापुरते लक्षात ठेवते, पण ती डिस्क दूर असताना दुसऱ्याच पेनड्राइव्हने ते अक्षर घेतले असेल तर डिस्क परत जोडल्यावर तिला वेगळे अक्षर मिळते. पानजुळणीच्या फाइलमध्ये चित्रांचे पूर्ण पत्ते साठवलेले असतील, तर ईची एफ झाली की चित्रे सापडत नाहीत आणि ऐन घाईत पाने अडकतात. यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे आणि तो उत्तम चालतो. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ड्राइव्हवर उजवे बटण दाबावे, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडावे आणि वर्णमालेच्या उत्तरार्धातील अक्षर द्यावे. नव्याने जोडलेल्या ड्राइव्हना विंडोज सुरुवातीकडची मोकळी अक्षरे वाटत जाते, म्हणून तिकडे गर्दी होते. आम्ही चारही संगणकांवर संग्रहाला एस आणि बॅकअपला टी दिले. तेव्हापासून एकदाही टक्कर झालेली नाही. सी ड्राइव्हचे अक्षर मात्र बदलण्याच्या फंदात पडू नये.

आयकॉन बदलण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. पहिला रजिस्ट्रीचा. लोकल मशीनच्या शाखेत एक्सप्लोररखाली ‘ड्राइव्हआयकॉन्स’, त्याखाली ड्राइव्हचे अक्षर आणि त्याखाली ‘डीफॉल्टआयकॉन’ असे कप्पे करून आयकॉनच्या फाइलचा पत्ता लिहायचा. हा बदल त्या संगणकापुरता आणि त्या अक्षरापुरता असतो. त्या अक्षरावर उद्या दुसरी डिस्क आली, तर तिलाही तेच चित्र लागेल. म्हणून संगणकातच बसवलेल्या ड्राइव्हसाठी तो योग्य. दुसरा मार्ग डिस्कवरच ‘ऑटोरन’ नावाची आयएनएफ फाइल ठेवण्याचा. तिच्यात पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ऑटोरन हा शब्द, दुसऱ्या ओळीत आयकॉनच्या फाइलचे नाव आणि हवी असल्यास तिसऱ्या ओळीत ड्राइव्हचे नाव लिहायचे. हे चित्र डिस्कबरोबर प्रवास करते, म्हणून आमची बॅकअपची डिस्क छापखान्यातल्या विंडोज संगणकावरही त्याच लाल कुलपाच्या चित्रासह दिसते. पूर्वी याच फाइलचा गैरफायदा घेऊन पेनड्राइव्हमधून विषाणू पसरत असत, त्यामुळे विंडोज ७पासून पेनड्राइव्हवरील प्रोग्रॅम आपोआप चालवणे बंद झाले. नाव आणि आयकॉन दाखवणे मात्र चालू राहिले. काही अँटिव्हायरस ही फाइल दिसताच ती अडवतात किंवा काढून टाकतात, तेव्हा चित्र नाहीसे झाले तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

आयकॉन निवडताना एक गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो. टाइल्समध्ये चित्र ४८ पिक्सेलचे दिसते, पण नॅव्हिगेशन पट्टीत ते १६ पिक्सेलवर येते आणि तिथे पणती, आकाशकंदील, रांगोळी सगळे एकाच ठिपक्यासारखे दिसू लागतात. म्हणून आता आम्ही ठळक रंगांचे साधे आकार वापरतो: संग्रहाला हिरवा चौकोन, बॅकअपला लाल कुलूप. नॅव्हिगेशन पट्टीत शिल्लक जागेची पट्टी दिसत नाही, त्यामुळे तिथे ओळखीची सगळी भिस्त या छोट्या चित्रावर आणि नावावर असते.

ड्राइव्ह लपवण्याच्या सोयींबाबत माझे मत संमिश्र आहे. फोल्डर ऑप्शन्समधील ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज’ ही खूण मुळातच चालू असते आणि कार्ड रीडरचे रिकामे कप्पे ती झाकून टाकते, ते चांगलेच आहे. फक्त कार्ड न घातलेला रीडर दिसत नाही म्हणून तो बिघडला असे कोणी समजू नये. एखादा ठरावीक ड्राइव्ह लपवायचा असेल तर रजिस्ट्रीतल्या पॉलिसीजच्या शाखेतील ‘नोड्राइव्ह्ज’ ही नोंद वापरतात. तिच्यात एला १, बीला २, सीला ४, डीला ८, ईला १६ अशा दुपटीने वाढणाऱ्या किमती असतात आणि लपवायच्या ड्राइव्हच्या किमतींची बेरीज लिहायची असते. डी आणि ई लपवायचे तर २४. पण यामुळे ड्राइव्हला कुलूप लागत नाही. पत्त्याच्या पट्टीत अक्षर टाइप केले की तो सरळ उघडतो. हिशेबाचे किंवा खासगी कागद सांभाळायचे असतील तर हा उपाय अजिबात पुरेसा नाही. त्यासाठी बिटलॉकरसारखी, डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणारी खरी सुरक्षा हवी.

बाहेरच्या डिस्क डावीकडच्या पट्टीत दोनदा दिसतात, एकदा धिस पीसीखाली आणि एकदा स्वतंत्र. नवख्या माणसाला त्या दोन वेगळ्या डिस्क वाटतात, आणि आमच्या कामात तोच गोंधळ सर्वात धोक्याचा. दुसरी नोंद काढण्याची चावीही रजिस्ट्रीतच, एका लांबलचक सांकेतिक क्रमांकाखाली आहे. ज्यांना जमते त्यांनी ती काढावी. बाकीच्यांनी धिस पीसीच्या पानावरूनच डिस्क उघडण्याची सवय लावावी. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्सप्लोरर थेट धिस पीसीवर उघडण्याचा पर्याय आहे, तो आम्ही चारही संगणकांवर निवडला आहे.

मॅकच्या फाइंडरशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. तिथे ड्राइव्हना अक्षरेच नसतात, डिस्क नावानेच ओळखली जाते, आणि ‘गेट इन्फो’च्या चौकटीतील आयकॉनवर हवे ते चित्र चिकटवले की काम होते. डेस्कटॉपवर आणि बाजूच्या पट्टीत कोणत्या प्रकारच्या डिस्क दिसाव्यात, हेही नुसत्या खुणा करून ठरवता येते. मोजणीतही फरक आहे: १ टीबीची डिस्क फाइंडर १ टीबीच दाखवतो, तर विंडोजमध्ये तीच ९३१ जीबी दिसते. डिस्क तीच असते, विंडोज एक जीबी १०२४ एमबीचा धरते इतकेच. पण ग्राहकाला हे दर वेळी समजावून सांगावे लागते.

ज्यांच्याकडे दोनच ड्राइव्ह आहेत, त्यांनी नावे नीट द्यावीत, तेवढे पुरेल. ज्यांच्याकडे चार किंवा त्याहून जास्त ड्राइव्ह आहेत आणि संगणक अनेकांच्या हातांतून जातो, त्यांनी नावे, उत्तरार्धातील ठरावीक अक्षरे, आधी अक्षर आणि डिस्कवरचा आयकॉन ही चारही कामे करावीतच. पाचांपैकी गुण द्यायचे झाले तर क्षमतेसाठी मी विंडोजला चार देईन आणि त्या क्षमतेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेसाठी दोन. पहिल्या संगणकाला मला एक अख्खी दुपार लागली, चौथा अर्ध्या तासात झाला, कारण तोवर रजिस्ट्रीतील नोंदी एका फाइलमध्ये साठवून ठेवल्या होत्या. ती फाइल आता ‘दिवाळी अंक संग्रह’ या डिस्कवरच, पहिल्या फोल्डरमध्ये आहे. पुढच्या हंगामात पाचवा संगणक आला की तिच्यावर दोनदा क्लिक करायचे आणि कामाला लागायचे.