कोकण किनाऱ्यावरच्या हजार किलोमीटरांत सायकलीच्या सामानाचे काय झाले

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मी मांडव्याला उतरलो, तिथून सागरी मार्ग धरून रेडीमार्गे तेरेखोलच्या खाडीपर्यंत गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. १८ दिवस लागले आणि अंतर हजार किलोमीटरच्या किंचित वर गेले. सायकल १५ किलोची होती आणि तिच्यावर सामान १७ किलोचे. परतीचा पाऊस अजून रेंगाळलेला असल्यामुळे दुपारी अंग भाजणारे ऊन आणि संध्याकाळी विजांसह जोरदार सर असे पाच-सहा दिवस तरी गेले. ज्यांना याच किनाऱ्यावर लांबचा पल्ला मारायचा आहे त्यांनी पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हा रस्ता नकाशात समुद्राला धरून सपाट गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो पुन्हा पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो आणि पुन्हा खाडीच्या काठाशी उतरतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते, आणि यातल्या प्रत्येक धक्क्यापर्यंतचा उतार व पलीकडचा चढ सामानाची परीक्षा घेतो. त्यात खारी हवा, धक्क्याच्या उतरणीवर साचलेले खारे पाणी आणि चेनमध्ये जाऊन बसणारी तांबडी माती यांची भर पडते. माझ्याकडचे कापड कुठे फाटले नाही, नळी कुठे वाकली नाही. जे बिघडले ते सगळे जोडावर बिघडले: चाकाची तार जिथे हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, वाकते तिथे, बोल्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे, बॅगेचा हुक जिथे कॅरिअरच्या दांडीला धरतो तिथे.

सर्वांत मोठा फटका मागच्या चाकाने दिला. ते ३२ तारांचे, यंत्रावर बांधलेले तयार चाक होते. सामान लादणार आहे हे मी घेतानाच सांगितले होते, आणि पुन्हा तारा कसून घेण्याची गरज नाही असे मला विकणाऱ्या दुकानात ठामपणे सांगण्यात आले होते. ते चूक होते. मागच्या चाकात उजवीकडे गेअरचा कॅसेट, म्हणजे दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, बसवायचा असल्यामुळे त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि ताणलेल्या असतात, तर डावीकडच्या मुळातच सैल असतात. त्यांचा ताण सारखा केलेला नसेल तर चाक फिरताना प्रत्येक फेरीला काही तारा सैल पडतात आणि पुन्हा ताणल्या जातात, आणि हजारो फेऱ्यांनंतर तार वाकणीपाशी थकून तुटते. जयगडला बोटीतून उतरून सड्यावर चढताना, सगळ्यात हलका गेअर घातलेला असताना, मागून ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला आणि पुढच्या पन्नास पावलांत चाक मडगार्डला घासू लागले. डिस्क ब्रेक असल्यामुळे आऊट झालेले, म्हणजे वाकडे फिरणारे, चाक ब्रेकमध्ये अडकले नाही. रिमवर धरणारा ब्रेक असता तर तो सोडून ठेवूनच पुढे जावे लागले असते.

मालगुंडच्या अलीकडे रस्त्याकडेला सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या एका साठीच्या गृहस्थांचे दुकान मिळाले. त्यांनी चाक उलटे करून पाहिले आणि म्हणाले, “काका, तार तुमच्याकडं असंल तर द्या. आमच्या तारा लांब, ह्याला नाय बसायच्या.” मापाच्या तीन जादा तारा मी मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधून आणल्या होत्या, त्यामुळे तारेचा प्रश्न सुटला. अडचण अशी की तुटलेली तार उजवीकडची होती आणि कॅसेट काढल्याशिवाय ती घालता येत नाही. कॅसेटची कडी उघडायचे छोटे हत्यार माझ्याकडे होते, पण कडी उघडताना कॅसेट धरून ठेवणारा चेनचा पाना नव्हता. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या जुन्या चेनचा हातभर तुकडा घेतला, त्याचे एक टोक बाकड्यावरच्या व्हाइसमध्ये आवळले, दुसरे टोक मोठ्या दात्यांवर गुंडाळले आणि एका झटक्यात कडी उघडली. नवी तार घातल्यावर त्यांनी चाक मांडीवर घेतले आणि एकेक तार नखाने छेडत, कान जवळ नेऊन, पूर्ण फेरी केली. एका तारेशी थांबून त्यांनी मला बोट लावायला सांगितले. वाकणीपाशी केसाएवढी चीर होती. तीही बदलली, डावीकडच्या सगळ्या तारा पाव-पाव फेरा कसल्या आणि मग आऊट काढला. त्यानंतरच्या सहाशेहून अधिक किलोमीटरांत एकही तार तुटली नाही. चाक तेच, वजन तेच, रस्ताही तोच. फरक फक्त तारांच्या ताणाचा होता. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना बॅगेआधी चाकावर खर्च करावा असे माझे ठाम मत झाले आहे. जमल्यास ३६ तारांचे चाक जाणत्या माणसाकडून हाताने बांधून घ्यावे आणि पहिल्या दोनशे किलोमीटरांनंतर पुन्हा त्याच्याच हाती द्यावे.

कॅरिअर पोलादी नळीचे होते, आणि ते पोलादीच घ्यावे. ॲल्युमिनियमचे हलके असते आणि तांबडे गंजत नाही, परंतु मोडले तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सहसा जोडून मिळत नाही. पोलादाचे तुकडे मात्र फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये जुळतात. त्याचा दोष गंजाचा. बॅगेचे हुक जिथे घासतात तिथला रंग चौथ्याच दिवशी उडाला आणि सहाव्या दिवशी तिथे तांबडी पावडर हाताला लागू लागली. श्रीवर्धनला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दांडीला आवळून गुंडाळल्या, तेव्हा घासणे थांबले आणि बॅगांचा खडखडाटही गेला. हरिहरेश्वरच्या अलीकडे डावीकडचा खालचा ५ मिलिमीटरचा बोल्ट हादऱ्यांनी सुटून पडला आणि कॅरिअर एका अंगाला झुकले. माझ्याकडे जादा बोल्ट होता, तो आटे धरून ठेवणारे द्रव लावून बसवला आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. हे द्रव निघण्याआधीच सगळ्या बोल्टांना लावायला हवे होते. बोल्ट साध्या लोखंडाचे न घेता स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. सीटची ॲल्युमिनियमची नळी पोलादी फ्रेममध्ये असेल तर ती ग्रीस लावूनच बसवावी, कारण खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की पुढे नळी निघता निघत नाही.

बॅगा दोन प्रकारच्या होत्या आणि त्यांच्यातला फरक पहिल्याच सरीत कळला. मागच्या दोन बॅगा ताडपत्रीसारख्या जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाच्या, शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेल्या आणि तोंड तीन वेळा गुंडाळून बंद करायच्या होत्या. गुहागरकडे जाताना तासभर धो धो पाऊस झाला तरी आतली वही कोरडी राहिली. पुढच्या दोन बॅगा स्वस्त, चेन असलेल्या, वरून पावसाचे झाकण घालायच्या होत्या. झाकण समोरून आणि वरून पाणी अडवते, पण चाकाच्या बाजूने ते उघडे असते, आणि रस्त्यावरचे पाणी चाकाने उडते ते नेमके तिथेच. दोन्ही बॅगांच्या तळाशी ओंजळभर तांबडे पाणी निघाले. दहाव्या दिवशी खाऱ्या हवेने एका बॅगेच्या चेनचा सरक मधेच अडकला. मेणबत्ती घासून तो तात्पुरता चालू केला, पण ही बॅग मी कोणालाच सुचवणार नाही. गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगेत वस्तू शोधायला वेळ लागतो, ही तिची एकमेव उणीव. हुकाच्या आत दांडीच्या जाडीनुसार बसवायचे प्लास्टिकचे तुकडे येतात, ते न विसरता बसवावेत. माझ्या १० मिलिमीटरच्या दांडीवर हुक सैल होता, तोवर प्रत्येक खड्ड्यात बॅग उडत होती.

गेअरबाबत समाधानी आहे. पुढे ४८-३६-२६ आणि मागे ११ ते ३४ दात्यांची जोडणी होती. सगळ्यात हलक्या गेअरमध्ये पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.६६ मीटर पुढे जाते, आणि धोपाव्याच्या चढावर मला त्यापेक्षा जड गेअर चालला नसता. चेनचे मात्र हाल झाले. पातळ, कोरडे राहणारे तेल एका पावसात धुऊन गेले. घट्ट तेल टिकले, पण तांबड्या धुळीत मिसळून त्याची चिखलासारखी पेस्ट झाली आणि ती दाते घासू लागली. शेवटी रोज संध्याकाळी मुक्कामाच्या विहिरीवरच्या गोड्या पाण्याने चेन धुऊन, फडक्याने कोरडी करून, प्रत्येक कडीला एकच थेंब आणि वर पुन्हा फडके, एवढा क्रम ठेवला. घरी आल्यावर फूटपट्टी लावली, तर नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरणाऱ्या २४ सांध्यांची लांबी सोळांश इंचाने वाढली होती, म्हणजे अर्धा टक्का. चेन बदलायची वेळ आली आहे असे समजावे. हजार किलोमीटरांना हे फार आहे. गुहागरच्या पुळणीवर ओल्या वाळूतून एक संध्याकाळ सायकल चालवली, तिचा आवाज दुसऱ्या दिवसापासून पेडलच्या छऱ्यांमधून येऊ लागला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. पुळणीवर सायकल हातात धरून न्यावी.

तारेने चालणारे डिस्क ब्रेक उतारावर भरवशाचे ठरले. पण ओल्या तांबड्या मातीत रेझिनचे पॅड सातशे किलोमीटरांतच संपले. ते पॅड मला वाटेत कुठे मिळाले नाहीत, सोबत जादा जोड होता म्हणून निभावले. ३५ मिलिमीटर रुंदीच्या, आत पंक्चररोधक थर असलेल्या टायरांनी एकदाच दगा दिला: दिघीच्या धक्क्याच्या उतरणीला चिकटलेल्या कालवांची धार टायरच्या बाजूला लागली. तिथे थर नसतो. ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वची होती, हे बरे झाले. कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता आली.

दिव्याच्या आणि पॉवर बँकेच्या चार्जिंगच्या छिद्रात हिरवट गंज धरला. रबरी टोपण नसलेली वस्तू नेऊ नये. चामड्याची सीट भिजली की खोलगट होते, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली तेव्हा ती टिकली.

आता ३६ तारांचे नवे चाक बांधून घेतले आहे आणि पुढच्या बॅगाही गुंडाळायच्याच घेतल्या आहेत. जानेवारीत त्याच रस्त्याने देवगड, मालवणपर्यंत जायचे आहे. मागच्या दांडीला जादा तारा पुन्हा बांधल्या आहेत, या वेळी चार, आणि हत्यारांच्या पिशवीत जुन्या चेनचा हातभर तुकडा आहे.