मुलांचा दुहेरी ईझल (चित्र काढायचा दोन बाजूंचा स्टँड): एक पावसाळा काढल्यानंतर

उंची किती, फळा कुठल्या बाजूला, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मी लिहितेय ते त्याच्या कागदाच्या रोलबद्दल.

सोबत आलेला पांढरा रोल दोघा पोरांनी बघता बघता संपवला. नव्याची किंमत पाहून मुलांना "बारीक चित्रं काढा" सांगायची वेळ आली. बाजारातला रोल बसत नाही, कारण दांडा अठरा इंचीच. विक्रेता म्हणतो, "ओरिजिनलच वापरा, नाहीतर वॉरंटी जाईल." लाकडी दांड्याला कसली आलीय वॉरंटी! पुढे पावसाळ्यात एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचा) ट्रे फुगला, तर "पाण्याचं नुकसान वॉरंटीत नाही." रंगांच्या ट्रेत पाण्याची वाटी नाही ठेवायची, तर काय ठेवायचं?

दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. पण पुण्याच्या बोहरी आळीत छत्तीस इंची खाकी रोल मिळाला, तो सुताराकडून मधोमध कापून घेतला. एकाचे दोन झाले! कड जरा पिंजते, चालायचंच. मात्र या कागदाची एक बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर रंग थेंब थेंब होऊन ओघळतो. रोल उलटा लावा, खरखरीत बाजू वर.

खाकीवर पांढरं खुलतं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वारली काढायला घेतली. आधी गेरूचा हात. मग पालघर-डहाणूकडे वापरतात तशी तांदळाची पिठी पाण्यात कालवली, त्यात थोडा डिंक. तिकडे बांबूची काडी टोकाला चावून ब्रश करतात, आम्ही विझलेल्या उदबत्तीची काडी बत्त्याने ठेचली. दोन त्रिकोण, वर गोल डोकं, झाला माणूस. थोरल्याने मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपावाला काढला, धाकटी भोवती नाचणारे जोडत गेली. कागद संपला की खाली ओढायचा, नाच पुढे चालू. मी खाली पाटावर बसून पाय काढत होते, कारण "आईला पाय चांगले येतात." एरवी रंगांवरून मारामारी, इथे रंग एकच, भांडण कशावरून करणार?

डिंकामुळे मुंग्या येतात, तेव्हा चित्र गुंडाळून ठेवू नका.

ट्रेच्या जागी प्लायची पट्टी ठोकून घेतली. फळ्याची बाजू आम्ही वापरतच नाही. साडेतीन स्टार. दांडा दोन फुटी केलात तर चौथा पूर्ण देईन.